अन्नप्रक्रियेचे प्रात्यक्षिक हंगामात घ्या: चार कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
तसेच महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे

विषय: कृषी आणि अन्नतंत्रज्ञान पदवीतील प्रक्रिया-प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक, स्वरूप आणि गुणदान

स. न. वि. वि.

तासगाव भागात बेदाण्याच्या शेड भरतात त्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. कोल्हापूरकडची गुऱ्हाळे दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी विझतात. विदर्भ-मराठवाड्यातली नवी तूर दालमिलवर येते जानेवारीनंतर. कोकणात आंब्याचा रस डब्यात भरण्याची धांदल एप्रिल अखेरीपासून पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत. राज्यातली फळांची, उसाची, डाळींची बहुतेक प्रक्रिया अशी नोव्हेंबर ते जून या काळात उरकते. कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम सुचवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या रचनेत मात्र कृषी पदवीचा विद्यार्थी गावात आणि उद्योगात जातो तो सातव्या सत्रात, म्हणजे साधारण जुलै ते नोव्हेंबर. तो पोचतो तेव्हा बेदाण्याचे रॅक रिकामे असतात, काहिली पालथ्या घातलेल्या असतात आणि कॅनिंगच्या कारखान्यात रंगरंगोटी चाललेली असते. व्यवस्थापक यंत्रे दाखवतो, चहा पाजतो, प्रमाणपत्रावर सही करतो. अहवालात यंत्रांचे फोटो लागतात. चालत्या बॅचची एकही नोंद त्यात नसते, कारण बॅचच नसते.

सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला. त्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. तोपर्यंत वेळापत्रक हलवता येईल, म्हणूनच हे पत्र आत्ता लिहीत आहोत.

आमची मुख्य तक्रार सत्रापेक्षा खोल आहे. ऊस, आंबा, तूर यांच्या वाणांवर आपल्या विद्यापीठांनी केलेले काम साऱ्या देशाला ठाऊक आहे. पाडेगावच्या केंद्रातून आलेला को ८६०३२ हा ऊस १९९६ पासून शेतात आहे. वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ मध्ये दिलेल्या ‘रत्ना’ आंब्यात हापूसचा साका (गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) उतरला नाही. यांपैकी काहीही एका दुपारी तयार झालेले नाही. हंगामामागून हंगाम चाचण्या झाल्या, अपयशी ओळी बाद झाल्या, आकडे जुळले, मग शिफारस झाली. त्याच विद्यापीठातला अन्नप्रक्रियेचा विद्यार्थी मात्र दोन तासांच्या तासिकेत दोन किलो पेरूचा जॅम करतो, वर्गमित्रांकडून नऊ गुणांच्या हेडोनिक (आवड मोजणाऱ्या) तक्त्यावर आठ-साडेआठ गुण मिळवतो, उरलेला जॅम पोळीबरोबर संपतो आणि जर्नलमध्ये ‘उत्पादन विकसित केले’ अशी नोंद होते. बीएस्सी कृषीच्या पाचव्या समितीच्या अभ्यासक्रमात तर अन्नशास्त्र व पोषण या विषयाला प्रात्यक्षिकाचा एकही श्रेयांक नव्हता. दोन्ही श्रेयांक फळ्यावरचे.

त्या जॅमचेच उदाहरण घेऊ. प्रात्यक्षिक पुस्तिकेत असते: ४५ भाग गर, ५५ भाग साखर, सायट्रिक आम्ल, शेवटी ६८ ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची, मुख्यतः साखरेची, टक्केवारी). विद्यार्थी हे पाठ म्हणतो. पण ४५ किलो गराचा ब्रिक्स १० असेल तर त्यातून साडेचार किलो घन पदार्थ आले, साखरेचे ५५ मिळून ५९.५ झाले आणि ६८ ब्रिक्सला जॅम ८७.५ किलोच निघणार, हा हिशेब त्याने आच पेटवण्याआधी मांडलेला नसतो. पावसाळी पेरूच्या गराचा ब्रिक्स ६ वर आला तर जॅम ८५ किलोच्याही आत राहतो. उलट कढई ७२ ब्रिक्सपर्यंत गेली तर १० ब्रिक्सच्या गरातूनही ८२.६ किलोच मिळतो, म्हणजे जवळजवळ पाच किलो माल वाफेबरोबर गेला आणि वर साखरेचे खडे पडण्याचा धोका घेतला. कढई ७२ पर्यंत का जाते? बहुधा ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमुळे. नमुना गरम असला की वाचन कमी दिसते. तापमान-भरपाई नसलेल्या साध्या उपकरणात नमुना ३० अंशांना असेल तर या दाटपणाला सुमारे ०.८ ब्रिक्स मिळवावे लागतात, त्याहून गरम असेल तर अधिक. भरपाईचे उपकरणही साधारण ३० अंशांपर्यंतच भरवशाचे. विद्यार्थी कढईतला थेंब थेट काचेवर टाकतो, ६५ दिसले म्हणून आणखी आटवतो, आणि जॅम घट्ट का झाला याचे उत्तर ‘पेक्टिन जास्त झाले’ असे लिहितो. सामू (पीएच) ३.० ते ३.३ च्या खाली उतरला तर जेली आवळते आणि बाटलीत पाणी सुटते. तो दोषही पेक्टिनच्याच खात्यावर पडतो.

बेदाण्यात हीच गोष्ट मोठ्या पैशांची होते. थॉमसन सीडलेस किंवा सोनाकाची द्राक्षे १८ ब्रिक्सला तोडली की २२ ला, यावर सगळा उतारा ठरतो. ब्रिक्सलाच घन पदार्थ धरले आणि बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवला तर १०० किलो द्राक्षांतून १८ ब्रिक्सला २१.२ किलो आणि २२ ब्रिक्सला २५.९ किलो बेदाणा निघतो. टनामागे ४७ किलोंचा फरक. घाई करून तोडणाऱ्या बागायतदाराला हा आकडा कुणीतरी रॅकखाली उभे राहून दाखवायला हवा आणि ते काम पदवीधराचे आहे.

द्रावणाची रीतही अशीच हाताने शिकायची गोष्ट. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवायचे, मग ऑइल बारीक धारेने, सतत ढवळत, दुधासारखे पांढरे एकजीव होईपर्यंत. क्रम उलटला तर तेल वर तरंगते. मग पहिल्या क्रेटला जास्त तेल लागते, शेवटच्या क्रेटला नुसते खारे पाणी. घड दोन ते चार मिनिटे बुडवायचे. मण्यावरच्या मेणाची लव सुटते आणि पाण्याला बाहेर यायची वाट मिळते. कमी बुडवले तर सुकायला पंधरवड्याऐवजी तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या वेळात सालीतली विकरे आपले काम करून मणी तपकिरी पाडतात. जास्त वेळ किंवा जास्त तीव्र द्रावणात ठेवले तर साल फुटते, रस चिकटतो, त्यावर धूळ बसते. घड बुडत जातात तसा द्रावणाचा सामूही उतरत जातो. तो मोजून द्रावण कधी बदलायचे हे ठरवावे लागते आणि बहुतेक शेडवर हा निर्णय नजरेने होतो. शेडची दिशा, नेटमधून झिरपणारे ऊन, मार्चमधला अवकाळी पाऊस, गंधकाची धुरी किती तास आणि किती ग्रॅम, पॅकिंगच्या वेळचा ओलावा: प्रत्येकाचा रंगावर आणि भावावर परिणाम होतो. यातले काहीच ऑगस्टमध्ये दिसत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र असूनही विद्यार्थी त्या दोन-तीन महिन्यांत वर्गात किंवा परीक्षेच्या तयारीत असतो.

गुऱ्हाळावर गुळव्या काकवीचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी पाहतो. त्याचे कौशल्य खरे आहे आणि त्याला थर्मामीटर शिकवायला जाण्याचा अगोचरपणा कुणी करू नये. पण विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंनी मोजले पाहिजे: काकवी १०५-१०६ अंशांना, ढेपेचा गूळ ११६ ते ११८ ला, गूळ पावडर १२० ते १२२ ला. गुळव्याच्या गोळीला तापमान किती भरले याच्या वीस-पंचवीस नोंदी एका हंगामात सहज होतात आणि त्यातून त्या गुऱ्हाळापुरता पक्का तक्ता मिळतो. उताऱ्याचा हिशेब आणखी सोपा. १०० किलो उसातून चरकाने ६५ किलो रस काढला, रसाचा ब्रिक्स २०, तर घन पदार्थ १३ किलो. गुळात ९४ टक्के घन पदार्थ धरले तर मळी वगळण्याआधी १३.८ किलो. चरकाचे लाट (ऊस दाबणारे रूळ) झिजून रस ६० किलोंवर आला की गूळ १०० किलो उसामागे एक किलोने घटतो. टनाला दहा किलो, तेही रोज. नवीन ‘मूल्यवर्धित’ गुळाच्या वड्या करण्यापेक्षा लाटांमधली फट तपासणे त्या मालकाला जास्त उपयोगी पडेल.

गूळ बसला नाही, चिकट राहिला, पावसाळ्यात पाघळला, तर कारणे ठरलेली असतात, पण ती मागे जाऊन शोधावी लागतात. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला होता का? सुक्रोज तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढले की ढेप धरत नाही. चुन्याची निवळी कमी पडून रस आंबट राहिला का? जास्त पडली तर गूळ काळवंडतो. भेंडीचे पाणी घालून मळी वेळेत काढली का? रंग उजळायला हायड्रोस (गंधकयुक्त विरंजक पूड) टाकले असेल तर साठवणीत रंग परत गडद होतो आणि गंधक डायऑक्साइडची ७० पीपीएमची मर्यादा ओलांडण्याची भीती राहते. परीक्षेत ‘गुळाची कृती लिहा’ असा प्रश्न येतो. पाघळलेल्या गुळाची ढेप आणि त्या दिवसाचे नोंदपत्रक समोर ठेवून ‘कुठे बिघडले ते सांगा’ असा प्रश्न आमच्या पाहण्यात आलेला नाही.

आता जिथे चुकीला माफी नाही त्या विषयाकडे. अनुभवाधारित शिक्षणात विद्यार्थ्यांचे गट हल्ली मक्याचे दाणे, मशरूम, तयार भाज्या, मिसळीचा कट अशा गोष्टी बाटलीत किंवा पाऊचमध्ये भरून विकायला मांडतात. कल्पना चांगल्या आहेत. पण या पदार्थांचा सामू ४.६ च्या वर असतो आणि हवाबंद डब्यात, खोलीच्या तापमानाला, तिथे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक विष तयार करणारा जिवाणू वाढू शकतो. त्याच्या बीजाणूंसाठी १२१.१ अंशांना किमान अडीच-तीन मिनिटांइतकी मारक क्षमता डब्याच्या सर्वांत थंड बिंदूवर पोचली पाहिजे. तापमान १० अंशांनी उतरले की वेळ दसपट होते. या नियमाने उकळत्या पाण्यात, १०० अंशांना, तेच काम करायला जवळजवळ साडेसहा तास लागतात. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथे तर सोळा ते वीस तास. आणि प्रकल्प अहवालात लिहिलेले असते: ‘बाटल्या ३० मिनिटे उकळत्या पाण्यात निर्जंतुक केल्या.’ टोमॅटो, आंबा, कोकम यांना ही पद्धत चालते, कारण आम्लता मदतीला असते. मक्याला चालत नाही. हा फरक सिद्धांताच्या पेपरात दहा गुणांना असतो आणि प्रात्यक्षिकात कुणी विचारत नाही.

प्रत्येक महाविद्यालयात किमान एक तापमान नोंदणारा डेटा लॉगर आणि डब्याच्या झाकणातून आत जाणारे थर्मोकपल (तापमान टिपणारी तार) असावे. रसरशीत, पातळ पदार्थात थंड बिंदू मध्याच्या खाली असतो, घट्ट पदार्थात मधोमध. एकाच रिटॉर्टमध्ये (डबे दाबाखाली तापवण्याच्या भांड्यात) सार आणि घट्ट पुरण भरून दर मिनिटाचे तापमान घेतले की हे दिसते, आणि त्या आलेखावरून मारक क्षमतेची बेरीज विद्यार्थ्याने स्वतः करावी. ज्या गटाकडे असा आलेख नाही त्याला कमी-आम्ल पदार्थ हवाबंद करून विकू देऊ नये, हा नियम विद्यापीठाने लेखी करावा. दही, लोणचे, सुकवलेल्या भाज्या, पीठ, पापड यांवर शिकायला भरपूर आहे.

मापनाच्या साधनांबद्दल थोडेसेच. सामू मीटरची काचेची कुपी कोरडी पडलेली आणि बफर मुदत संपलेले असणे ही आपल्या प्रयोगशाळांतली फार परिचित गोष्ट आहे. ४ आणि ७ असे दोन्ही बफर रोज सकाळी लावून त्याची नोंद ठेवली तर वर्षाचा खर्च एका मार्गदर्शन शिबिराच्या जेवणाहून कमी येतो. बेदाणा, गूळ, जॅम यांचा ओलावा १०५ अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये काढणे थांबवावे. त्या तापमानाला फ्रुक्टोज जळते आणि त्यातले गेलेले वजन पाणी म्हणून मोजले जाते. ७० अंशांचा व्हॅक्यूम ओव्हन वापरावा. बुरशी थांबण्याचा निकष मुळात ओलाव्याच्या टक्केवारीत नसून पाण्याच्या क्रियाशीलतेत, म्हणजे जंतूंना वापरता येईल अशा पाण्याच्या मापात, असतो (०.६ च्या खाली काहीच वाढत नाही). त्याचे मीटर महाग असल्याने तीन-चार महाविद्यालयांत मिळून एक ठेवले तरी चालेल.

आमच्या मागण्या अशा. उद्योगात जाण्याचे आठवडे सत्राच्या चौकटीबाहेर काढून जिल्ह्याच्या हंगामाला बांधावेत. सांगली-नाशिकच्या विद्यार्थ्याने फेब्रुवारी-मार्च, कोल्हापूरच्याने डिसेंबर-जानेवारी, कोकणातल्याने मे महिना, अकोला-परभणीच्याने तूर दालमिलवर येईल तेव्हा. परीक्षा पुढे-मागे कराव्या लागतील. कृषी विद्यापीठांना पेरणीच्या हंगामासाठी वेळापत्रक वाकवण्याची सवय आहेच. प्रक्रियेसाठीही तेवढेच करावे.

जर्नलऐवजी बॅच शीट. मालाचे वाण, तोडणीची तारीख, आलेले वजन, ब्रिक्स, सामू, आम्लता, साल-कोयीत गेलेले वजन, दर पाच मिनिटांचे तापमान, घातलेल्या प्रत्येक पदार्थाची वेळ, भरलेले वजन, भांड्याला चिकटून गेलेले वजन. आवक-जावकीचा हिशेब दोन टक्क्यांच्या आत जुळला नाही तर बॅच नामंजूर, पुन्हा करायची. हापूसच्या १०० किलोंतून रस निम्म्याच्या आसपास हाती येतो हे इथे कळते. प्रकल्प अहवालात मात्र आंब्याचा भाव थेट रसाचा भाव म्हणून धरलेला आढळतो आणि बँकेचा अधिकारी तिथेच फाइल मिटतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान २०२० मध्ये ठरले, पण ते कर्जाशी जोडलेले. उताराच चुकलेल्या अहवालाला कर्ज मिळत नाही. शीट मराठीत असावी, कारण भट्टीवर आकडे सांगणारा आणि ते तपासणारा कामगार मराठी वाचतो.

साठवण चाचणी पुढच्या सत्रांत न्यावी. चौथ्या सत्रात केलेल्या पदार्थाच्या दहा बाटल्या सीलबंद ठेवाव्यात, दर दोन महिन्यांनी एक उघडून ब्रिक्स, सामू, रंग, बुरशी तपासावी आणि गुण सहाव्या सत्रात द्यावेत. अडचण एकच, बाटल्या टिकल्या पाहिजेत. कपाटाला कुलूप लावावे.

प्रात्यक्षिकाचे ५० गुण असतील तर २० बॅच शीटला, १० वजन आणि खर्चाच्या हिशेबाला, १० साठवण चाचणीला आणि १० बिघडलेला नमुना ओळखण्याला. चवीला शून्य. अप्रशिक्षित मित्रांनी दिलेल्या चवीच्या गुणांवर शास्त्र उभे राहत नाही. ज्यांना संवेदी परीक्षण शिकवायचे आहे त्यांनी त्रिकोणी चाचणीपासून सुरुवात करावी: तीन नमुने, त्यातला एक वेगळा, तो ओळखता येतो का.

यावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे खरे आहे, आणि त्या भरल्याशिवाय यातले निम्मे कागदावरच राहील. शेड आणि गुऱ्हाळांचे मालक चाळीस मुलांचा घोळका घेणार नाहीत. बरोबर, म्हणून एका ठिकाणी दोघेच पाठवावेत, सलग दहा दिवस, काम करायला. विमा विद्यापीठाने काढावा. उकळत्या काहिलीजवळ आणि चालत्या चरकाजवळ मुले उभी राहणार आहेत, तेव्हा सैल ओढणी, अंगठ्या, चपला यांवर बंदी पहिल्या दिवशीच सांगावी. मालकाला बदल्यात काय, असे कुणी विचारेल. त्याला आपल्या मालाच्या ब्रिक्स, सामू आणि ओलाव्याच्या नोंदी मिळतील, ज्या त्याच्याकडे आज नाहीत.

परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालते आणि अकोल्याची पीकेव्ही मिनी दालमिल कित्येक गावांत फिरते आहे. त्यामुळे सुरुवात शून्यातून नाही. परभणी आणि अकोल्याने येत्या हंगामात तूर आणि एखादे फळ, राहुरीने गूळ आणि बेदाणा, दापोलीने आंब्याचा रस अशी एक-दोन उत्पादने घेऊन वर दिलेल्या पद्धतीने एकेक तुकडी चालवावी. बॅच शीटचे मराठी नमुने आणि प्रत्येक उत्पादनाच्या दोषांचे तक्ते आम्ही तयार केले आहेत. परिषदेने मागितल्यास ते विनामूल्य देऊ आणि पहिल्या तुकडीच्या परीक्षेला बिघडलेले नमुनेही आणून देऊ.

कळावे,
आपले,
अन्नप्रक्रिया उद्योगातील काही तंत्रज्ञ आणि अन्नतंत्रज्ञानाचे काही आजी-माजी शिक्षक